आमच्या मोरीचा नकाशा

मुलांनो, आज एका कोड्यापासून सुरुवात करू या.

रोज तुमच्या घरी एक पाहुणा येतो. तो येणार म्हणून आई पहाटेपासून जागी असते. तो आला की घागरी, बादल्या, पिंपं, अगदी पातेलीसुद्धा त्याच्या स्वागताला रांगेत उभी! पण हाच पाहुणा घरातून निघतो तेव्हा? कुणी त्याच्याकडे वळूनही बघत नाही. आपल्याकडे घरातून निघणाऱ्यानं 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, अशी रीत आहे. या पाहुण्याला मात्र तेवढंही कुणी शिकवलेलं नाही. तो मुकाट्यानं मागच्या दारानं निघून जातो.

ओळखलंत ना? पाणी! येताना नळातून येतं आणि जाताना मोरीतून जातं. येणाऱ्या पाण्याबद्दल आपण दिवसभर बोलतो. जाणाऱ्या पाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

तुम्हाला काय सांगू, मीही काढत नव्हते. मी आहे प्राथमिक शाळेतली शिक्षिका. राहायला जालन्यात आणि शाळा तिथून एस.टी.नं तासाभरावर, एका खेड्यात. गेल्या वर्षी पाचवीच्या वर्गात पाण्याचा पाठ चालला होता. फळ्यावर चित्र काढत होते. ढग, मग बाण. पाऊस, मग बाण. नदी, धरण, टाकी आणि शेवटी नळ. नळाखाली एक छानशी घागर काढली आणि खडू खाली ठेवला. माझ्या मते पाठ संपला होता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "मॅडम, तुमचा बाण घागरीपाशीच कामून थांबला? पुढं पाणी कुठं जातं?"

"मोरीत!" एका मुलीनं परस्पर उत्तर दिलं.

"अन् मोरीतून?"

"गटारात."

"अन् गटारातून?"

मुलगी थांबली. सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. आता खरं सांगायचं तर, मलाही नीट माहीत नव्हतं. 'नदीत जात असेल' एवढंच मोघम उत्तर माझ्याजवळ होतं. अशा वेळी शिक्षकांजवळ एक हुकमी उपाय असतो. तोच मी वापरला. म्हटलं, "हाच तुमचा उद्याचा गृहपाठ! प्रत्येकानं आपल्या मोरीचा नकाशा काढून आणायचा. पाणी जिथंपर्यंत जाईल तिथंपर्यंत."

दुसऱ्या दिवशी एकेक नकाशा बघण्यासारखा होता. कुणाच्या मोरीचं पाणी परसातल्या केळीला जात होतं. कुणाचं रस्त्यावर येऊन डबकं होत होतं आणि त्या डबक्यात म्हैस बसलेली काढली होती! पण बहुतेक बाण गावच्या मोठ्या गटारात एकत्र येत होते. ते गटार नदीत, ती लहानशी नदी दुधनेत. मग आम्ही भिंतीवरचा मोठा नकाशा खाली जमिनीवर अंथरला आणि बोट ठेवून पुढे निघालो. दुधना परभणी जिल्ह्यात जाऊन पूर्णेला मिळते. पूर्णा गोदावरीला मिळते. गोदावरी नांदेडवरून पुढे तेलंगणात, तिथून आंध्र प्रदेशात आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. आमच्या शाळेमागच्या मोरीचं पाणी थेट समुद्राला निघालं होतं!

पोरं खूश झाली. पण तो मागच्या रांगेतला मुलगा नांदेडवर बोट ठेवून बसला होता. म्हणाला, "मॅडम, नांदेडची माणसं कुठलं पाणी पितात?"

"गोदावरीचं. तिथं विष्णुपुरीला मोठा बंधारा आहे. त्यातलं."

"म्हंजे आपल्या मोरीतलं?"

वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आलं नाही. कारण मला माझ्या धाकट्या भावाची आठवण झाली.

ती गोष्ट आजवर मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. तुम्हाला सांगते.

माझी आजी सांगायची, तिच्या तरुणपणी उन्हाळ्यात नदी आटली की गावातल्या बाया नदीच्या वाळूत झिरा खोदायच्या. हातभर वाळू उकरली की खालून पाणी पाझरायचं. पहिलं गढूळ पाणी वाटीनं उपसून टाकायचं, जरा दम धरायचा. मग काचेसारखं नितळ पाणी हळूहळू वर यायचं. आजी म्हणायची, "तुमच्या फ्रीजच्या तोंडात मारील असं गार पाणी!" वाटी-वाटीनं घागर भरायला तास लागायचा, पण तेवढ्यात पोटभर गप्पा व्हायच्या.

पुढे २०१२ साली पावसानं आमच्या जिल्ह्याकडे पाठ फिरवली. २०१३ चा उन्हाळा तुमच्या आई-बाबांना विचारा. मराठवाड्यातला माणूस तो विसरणार नाही. जालना जिल्ह्याला तर दुष्काळाच्या झळा फारच बसल्या. मोसंबीच्या उभ्या बागा वाळून सरपण झाल्या. गावोगाव टँकर. माझ्या माहेरीही तेच. मी तेव्हा डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि सुट्टीत घरी आले होते. टँकर आला की जी धावपळ आणि भांडणं व्हायची, ती बघून मला आजीचा झिरा आठवला. आजी तोवर देवाघरी गेली होती. मी भावाला म्हटलं, "चल, आपण खोदू!"

दोघं नदीत गेलो. वाळू पुष्कळशी उपसून नेलेली होती. तरी एका कडेला चांगला थर सापडला. खोदला. पाणी लागलं! पहिलं गढूळ पाणी टाकलं, थांबलो आणि नितळ पाणी आलं. भावानं ओंजळ लावली. आई घरून निघताना म्हणाली होती, "आणलंच तर उकळून घेऊ." पण मी तिथंच त्याला म्हटलं, "पी रे, काचेसारखं आहे." मी प्यायले घोटभर, तो प्यायला पोटभर. आठ-दहा दिवस आमचं हेच चाललं.

पंधरा-वीस पावलं नाही, पण दोनेकशे पावलं वरच्या अंगाला गावचं गटार नदीत उतरत होतं. नदीला पाणी नव्हतंच. त्या उन्हाळ्यात नदीत वाहत होतं ते फक्त गटार. काळं पाणी थोडं वाहून वाळूत जिरत होतं. ते मला दिसत होतं बरं का! रोज दिसत होतं. पण जिरलं म्हणजे संपलं, असं मी समजत होते.

महिनाभरानं भावाचे डोळे पिवळे दिसू लागले. कावीळ. त्याची नववी नुकतीच सुरू झाली होती. दीड महिना तो अंथरुणावर होता. अन्नाचा वास नको म्हणायचा, उठून बसला तरी धाप लागायची. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं प्यायला होता?" आई म्हणाली, "टँकरचं." मी गप्प बसले. डॉक्टर म्हणाले, "दूषित पाण्यातून होते ही. कुठल्या पाण्यातून, ते आता कसं सांगणार?" खरंच, टँकरच्या पाण्यातूनही झाली असेल. पण मला रात्री डोळे मिटले की ते गटार दिसायचं. भाऊ बरा झाला, आज चांगला कामाधंद्याला आहे. तो ती गोष्ट विसरलासुद्धा. मी नाही विसरले.

आजी चुकीचं सांगत होती का? नाही. वाळू पाणी गाळते हे खरंच आहे. पण वाळू गाळते ती माती आणि कचरा. कावीळ करणारा विषाणू इतका बारीक असतो की वाळूच्या दोन कणांमधली फट म्हणजे त्याला हमरस्ताच. आजीच्या वेळी गटारं थोडी होती, वाळू खोल होती आणि पाण्याला तिच्यातून जायला पुष्कळ वेळ मिळत होता. झिरा तोच होता, पण नदी ती राहिली नव्हती.

आता तुम्ही विचाराल, 'नदी स्वतःच स्वतःला साफ करते ना?' करते की! आणि ती कशी करते हे कळलं तर पुढची सगळी गोष्ट कळेल.

नदीच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीवाणू असतात. ते पाण्यातली घाण खातात. पण जेवताना त्यांना प्राणवायू लागतो आणि तो पाण्यात अगदी थोडा विरघळलेला असतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम. चिमूटभर मिठापेक्षाही कितीतरी कमी! आणि एक लिटर सांडपाण्यातली घाण पचवायला या जीवाणूंना पाच दिवसांत २०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त प्राणवायू लागतो. करा भागाकार. २०० भागिले ८, म्हणजे २५. एक बादली सांडपाणी पचवायचं तर किमान पंचवीस बादल्या स्वच्छ पाण्यातला सगळाच्या सगळा प्राणवायू खर्च होणार. मग माशांनी काय करायचं?

थोडं सांडपाणी आणि भरपूर वाहतं पाणी असेल तर नदी पुढच्या काही कोसांत हवेतून पुन्हा प्राणवायू घेते आणि सावरते. पण गाव वाढलं, शहर झालं आणि नदी मात्र आटत गेली, तर तिचा श्वास कोंडतो. प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे जीवाणू कामाला लागतात. ते प्राणवायूशिवाय जगतात आणि कुजका वास सोडतात. पूल ओलांडताना आपण नाकाला रुमाल लावतो ना, तो हा वास. वर सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदाच्या खुराकावर जलपर्णी माजते आणि नदीवर हिरवी गोधडी पांघरते. लांबून छान दिसते. खाली मात्र अंधार आणि गुदमर.

हे सगळं मी वर्गात सांगितलं. झिऱ्याची गोष्टही सांगितली. वर्ग शांत झाला. मग ज्या मुलीनं 'मोरीत' म्हणून उत्तर दिलं होतं, ती म्हणाली, "मॅडम, आपण नांदेडच्या वर राहतो. मग तुमच्या जालन्याच्या वर कोण राहतं?"

पुन्हा नकाशा अंथरला. जालना शहराला पाणी येतं ते पैठणच्या जायकवाडी धरणातून, नाथसागरातून. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्‌घाटन झालं, तेच हे धरण. नाथसागरात गोदावरी येते थेट नाशिककडून. आणि आणखी एक नदी येते. तिचं नाव खाम. ती कुठून येते? छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, उत्तरेकडच्या डोंगरांतून. अख्ख्या शहराच्या मधून वाहत ती खाली नाथसागराकडे जाते.

"म्हंजे संभाजीनगरची मोरी तुमच्या घागरीच्या वर!" मागच्या रांगेतून निकाल लागला.

त्या दिवशी संध्याकाळी घरी पाणी पिताना मी पेल्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. आणि ठरवलं, की त्या मोरीच्या पाण्याचं पुढे काय होतं ते स्वतः जाऊन बघायचं. लेकरांना घेऊन.

संभाजीनगरहून पैठणकडे जाताना कांचनवाडी लागते. तिथं महापालिकेचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. परवानगी काढली, पालकांच्या सह्या घेतल्या आणि हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही निघालो. तीस लेकरं, आम्ही दोघं शिक्षक आणि चार पालक. "सहलीला वेरूळ सोडून गटार बघायला कामून नेता?" असं एका आजोबांनी विचारलंच! तेही नंतर आमच्याबरोबर आले.

फाटकातून आत गेलो आणि तिसांच्या तीस हातांनी नाकं धरली. आम्हाला फिरवून दाखवणारे काका हसले. म्हणाले, "वास कुणाचा आहे माहीत आहे का? आपला सगळ्यांचा! धरा नाक, पाच मिनिटांत विसराल."

या केंद्राची क्षमता आहे दिवसाला १६१ दशलक्ष लिटर. म्हणजे सोळा कोटी दहा लाख लिटर. एवढा मोठा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून आम्ही तिथंच टँकरचा हिशेब केला. आमच्या पोरांना टँकर चांगला ओळखीचा. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर सोळा हजार शंभर टँकर. रोजचे!

शहरातल्या मोऱ्या-संडासांचं पाणी जमिनीखालच्या नळांतून इथं येतं. सगळ्यात आधी त्याला लोखंडी चाळण्या लागतात. त्या चाळण्यांवर काय नव्हतं? प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल, एक रबरी चेंडू. "हे सगळं मोरीत गेलं कसं?" एका मुलानं विचारलं. काका म्हणाले, "तूच विचार कर. चेंडू आपण होऊन तर गेला नसेल!" चाळण्यांनंतर पाण्याचा वेग कमी करतात, म्हणजे वाळू आणि खडे तळाशी बसतात.

इथपर्यंतचं काम आजीची चाळणीही करील. खरी गंमत पुढे आहे.

पुढे प्रचंड मोठ्या टाक्या. त्यांत तपकिरी पाणी उकळल्यासारखं खदखदत होतं. पण जाळ कुठेच नव्हता! तळातून यंत्रानं हवा सोडलेली होती. काका म्हणाले, "इथं माझ्या हाताखाली अब्जावधी कामगार आहेत. पगार मागत नाहीत, सुट्टी घेत नाहीत. त्यांना फक्त दोन गोष्टी लागतात, घाण खायला आणि हवा श्वासाला."

लेकरांच्या लगेच लक्षात आलं. नदीतलेच जीवाणू! नदीला जे काम करायला कित्येक कोस आणि कित्येक दिवस लागतात, तेच काम इथं टाकीत काही तासांत होतं. कारण नदीत प्राणवायू कमी पडतो, इथं तो हवा तेवढा देतात. जीवाणू घाण खातात, वाढतात आणि त्यांचे पुंजके होतात. मग शांत पाण्यात ते पुंजके गाळ होऊन तळाशी बसतात आणि वर राहतं नितळ पाणी. त्यात क्लोरीन वगैरे घालून रोगजंतू मारायचे आणि मग पाणी बाहेर सोडायचं.

"पण मग रोज नवे जीवाणू कुठून आणता?" आमच्या सरांनी विचारलं.

याचं उत्तर मला फार आवडलं. तळाशी बसलेला सगळा गाळ फेकून देत नाहीत. त्यातला बराचसा पुन्हा टाकीतल्या नव्या सांडपाण्यात मिसळतात. कारण त्यात भुकेले जीवाणू असतात! सोबत आलेली एक आई चटकन म्हणाली, "म्हणजे विरजण!" अगदी बरोबर. कालचं चमचाभर दही आजच्या दुधाला लावतो, तसंच हे. उरलेला गाळ वाळवतात. तपासून त्यात अपायकारक काही नाही अशी खात्री झाली तर त्याचं खतही होतं.

हे विरजण शोधून काढलं इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात, एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी. त्यांनी सांडपाणी बाटल्यांत भरून त्यात हवा सोडली. पहिल्या वेळी पाणी पूर्ण साफ व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. त्यांनी वरचं पाणी ओतून दिलं, तळचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी भरलं. या वेळी कमी दिवस लागले. पुन्हा तेच केलं, आणखी कमी. असं करत करत शेवटी एका दिवसाच्या आत काम होऊ लागलं! १९१४ साली त्यांनी हे जगाला सांगितलं. आज जगभरातल्या असंख्य केंद्रांत हीच युक्ती निरनिराळ्या रूपांत चालते.

"वीज गेली तर?" एका मुलीनं विचारलं. आमच्याकडच्या पोरांना हा प्रश्न सुचणारच! काकांचा चेहरा गंभीर झाला. "हवा बंद पडली की माझे कामगार गुदमरतात. जास्त वेळ बंद राहिली तर मरतात. मग नवं विरजण लागायला दिवसच्या दिवस जातात. म्हणून नुसतं केंद्र बांधून भागत नाही बाळांनो. ते दिवसरात्र चालवावं लागतं."

शेवटी त्यांनी दोन काचेची भांडी समोर ठेवली. एकात आलेलं पाणी, काळपट आणि गढूळ. दुसऱ्यात जाणारं पाणी, स्वच्छ. पलीकडे ठेवलेली पाटी त्यातून वाचता येत होती.

आणि तो मागच्या रांगेतला मुलगा, जो फळ्यावरच्या बाणाचा पाठलाग करत इथंपर्यंत आला होता, त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, हे काचेसारखं आहे. तुम्ही प्याल का?"

काचेसारखं! माझ्या पोटात धस्स झालं. माझेच शब्द होते ते, बारा वर्षांपूर्वीचे. वर्गात झिऱ्याची गोष्ट सांगताना मीच त्यांना सांगितले होते. पोरगं विसरलं नव्हतं.

"नाही पिणार," मी म्हटलं. "नुसतं नितळ दिसतं म्हणून पुन्हा कधीच नाही."

काका म्हणाले, "बरोबर बोललात बाई. हे पाणी पिण्यासाठी नाही. हे नदीला परत देण्याजोगं आहे."

मुलांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. कारण मोठी माणसंही इथं गोंधळतात. पाण्याची केंद्रं दोन प्रकारची असतात. धरणातून आलेलं पाणी नळाला सोडण्याआधी जिथं स्वच्छ करतात ते जलशुद्धीकरण केंद्र. ते आपल्यासाठी. आणि आपण वापरून झालेलं पाणी नदीला सोडण्याआधी जिथं स्वच्छ करतात ते सांडपाणी प्रक्रिया केंद्र. ते नदीसाठी, आणि खालच्या गावांसाठी. पहिलं नसेल तर आपण लगेच आरडाओरडा करतो. दुसरं नसेल तर? ओरडणार कोण? नदीला तोंड नाही आणि खालच्या गावाला आपलं नाव माहीत नाही.

म्हणूनच आपल्या देशात हे काम मागे पडलं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२१ साली एक हिशेब प्रसिद्ध केला. त्यानुसार भारतातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं. त्यातलं प्रत्यक्ष स्वच्छ केलं जात होतं २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभर घागरींतल्या अठ्ठावीस! बाकीच्या बहात्तर घागरी तशाच ओढ्या-नद्यांच्या आणि जमिनीच्या माथी. आणि केंद्र कितीही मोठं असो, जे गटार तिथंपर्यंत पोचतच नाही त्याचं ते तरी काय करणार?

पण मनावर घेतलं तर हेच पाणी कामालाही येतं. नागपूरच्या भांडेवाडी केंद्रात स्वच्छ केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिलं जातं. तेवढं पिण्याजोगं पाणी धरणात वाचतं. आमच्यासारख्या दुष्काळी भागातल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

परतीच्या वाटेवर गाडीत गाण्याच्या भेंड्या चालू होत्या. 'कामून नेता' म्हणणारे आजोबा माझ्या शेजारी बसले होते. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाई, शहराचं झालं. आपल्या खेड्याला एवढाल्या टाक्या कोण बांधून देणार?"

खरं आहे. खेड्याला एवढ्या टाक्यांची गरजही नाही. आपल्याच मराठवाड्यात, नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून दाखवले. खड्ड्यात भोकं पाडलेली टाकी बसवायची, भोवती दगडगोटे भरायचे आणि मोरीचं पाणी त्यात सोडायचं. पाणी रस्त्यावर न येता जमिनीत जिरतं, गटार वाहत नाही आणि डासांना घर मिळत नाही. मात्र दोन पथ्यं पाळायची. त्यात फक्त न्हाणीचं आणि धुण्याभांड्यांचं पाणी सोडायचं, संडासाचं नाही. आणि खड्डा विहिरीपासून, बोअरपासून चांगला लांब हवा. का, ते माझ्या झिऱ्यानं तुम्हाला सांगितलंच आहे.

आमच्या शाळेत हातपाय धुण्याच्या जागेला त्या आजोबांनीच पुढाकार घेऊन पहिला शोषखड्डा केला. पोरांनी दगड वाहिले. आज गावात असे अकरा खड्डे झालेत. अकरा म्हणजे फार नव्हेत. गटार अजून वाहतंच आहे. पण पूर्वीपेक्षा बारीक वाहतं, हे आम्ही रोज जाता-येता बघतो.

आता तुमचा गृहपाठ. तुम्हीही आपल्या मोरीचा नकाशा काढा. शहरात राहत असाल तर आई-बाबांना, नगरपालिकेतल्या माणसांना विचारा, 'आमचं सांडपाणी कुठं जातं? तिथं प्रक्रिया केंद्र आहे का? ते चालू आहे का?' तिन्ही प्रश्न विचारा, तिसरा सोडू नका. गटाराच्या पाण्यात हात मात्र घालायचा नाही हं! आणि उरलेलं तेल, जुनी औषधं, चिंध्या, पुड्या मोरीत टाकू नका. तिथल्या चाळणीवर कुणाला तरी ते काढावं लागतं.

नकाशा काढताना शेवटचा बाण समुद्रापाशी थांबवू नका. समुद्राची वाफ, वाफेचा ढग, ढगाचा पाऊस. बाण फिरून तुमच्याच घागरीपाशी येईल. त्या मुलीनं दुसऱ्या खेपेला काढलेला नकाशा आमच्या वर्गात अजून लावलेला आहे. त्यात मोरीच्या तोंडाशी तिनं एक छोटासा थेंब काढलाय, हात हलवणारा. आणि त्याच्या तोंडी एकच शब्द लिहिलाय, 'येतो!'